सही केल्याशिवाय न दिसणारा मित्र

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी नेटफ्लिक्सवर हिल्डा नावाच्या मुलीची 'हिल्डा' ही कार्टून मालिका बघते. आमचा पहिला भाग हुकला. तो चिमुकला अल्फर तिच्यासोबत कसा आला आणि इतरांना का दिसत नाही? शिवाय दुसरा सीझन संपवून तिसरा लावला, तर मधलं काहीतरी गाळल्यासारखं वाटतंय.

उत्तर : गाळलंच गेलंय, पण आधी अल्फर. पहिला भाग, 'द हिडन पीपल', चुकवू नका. हिल्डाचं रानातलं घर नेमकं एल्फांच्या, म्हणजे अल्फरसारख्या इवल्या अदृश्य लोकांच्या, वस्तीत उभं आहे, पण तिला ती वस्ती दिसत नाही. वैतागलेले एल्फ घर सोडा म्हणून तिला बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्या पाठवतात. एल्फ दिसायचे तर त्यांच्या कागदपत्रांवर रीतसर सही करावी लागते. ज्याने सही केली नाही त्याच्यासमोर अल्फर उभा राहिला तरी उपयोग नाही. घर वाचवायला हिल्डा एल्फांचे महापौर, पंतप्रधान आणि राजा अशा पायऱ्या चढते आणि अल्फर वाट दाखवतो. नोटीस देणाऱ्यांपैकीच एकाशी मैत्री! भुताखेतांच्या मालिकेत सरकारी कागदांवर जुळलेली दोस्ती क्वचितच सापडेल. दुसऱ्या भागात एका राक्षसाच्या पायाखाली ते घर चिरडतं आणि हिल्डा आईसोबत तटबंदीच्या ट्रोलबर्ग शहरात राहायला जाते. अल्फरही बरोबर निघतो, तिथून आपल्या लोकांना अहवाल पाठवायला. ते अहवाल तो फार मनावर घेतो, त्यातच सगळी गंमत आहे.

आता क्रम. दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग, 'द स्टोन फॉरेस्ट', ऐन मोक्याच्या क्षणी थांबतो : हिल्डा ट्रोलच्या, म्हणजे डोंगरात राहणाऱ्या अजस्र प्राण्याच्या, रूपात जागी होते आणि घरी तिच्या अंथरुणात भलतंच ट्रोलचं पोर. पुढची गोष्ट 2021 च्या 'हिल्डा अँड द माउंटन किंग' या चित्रपटात आहे. तो सीझनच्या यादीत नसून वेगळा दिसतो, म्हणून तुमच्यासारख्या पुष्कळांचा सुटतो. नाव टाकून शोधा, तो बघा आणि मगच 2023 चा तिसरा सीझन, पहिल्या भागापासून.

मुलगी घाबरट असेल तर पहिल्या सीझनचा सहावा भाग रात्री लावू नका. त्यात हिल्डाचा मित्र डेव्हिड याला वाईट स्वप्नं पाडणाऱ्या 'मारा' येतात. नवव्या भागात मैत्रीण फ्रिडाचं हिल्डाशी बिनसतं. "आता त्या बोलत का नाहीत?" असं मुलगी विचारेल, तेराव्या भागापर्यंत दम धरायला सांगा.