शॉकअप कडक केले की गाडी पळते का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: आमच्या आजोबांची 1968 ची स्टँडर्ड हेराल्ड गोठ्याच्या बाजूच्या शेडमध्ये उभी होती, आता चालू केली, इंजिन मस्त झालं. चेन्नईच्या ट्रॅकवर जुन्या गाड्यांच्या रेसमध्ये उतरवायची लय इच्छा आहे. पण वळणावर झुलते, अन् ॲक्सिलेटर सोडला का मागून उचलल्यासारखी होते. मिस्त्री म्हणते का जीपचे कडक शॉकअप टाकून देऊ, काम खतम. टाकू का जी? (एक वाचक, आर्वी)

उत्तर: नका टाकू भाऊ. मिस्त्रीले बोल लावत नाही, इकडं बहुतेकांचं मत हेच असते की झुलते म्हणजे शॉकअप नरम, कडक केला की गाडी रोडले चिकटते. पण गाडीचं वजन शॉकअप पेलतच नाही, ते पेलतात स्प्रिंग आणि पाटे. शॉकअप म्हणजे आतून एक पिचकारी आहे, बारीक भोकातून ऑइल ढकलायला जेवढा जोर लागतो तेवढी स्प्रिंगची उसळी सावकाश होते आणि ती ताकद गरमी होऊन निघून जाते, बस. त्यामुळं लांब वळणात गाडी एकदा झुकून स्थिरावली की ती किती झुकली हे ठरवते स्प्रिंग आणि अँटी रोल बार (दोन्ही बाजूच्या चाकांले जोडणारी, झुकणं रोखणारी दांडी). शॉकअप फक्त किती लवकर झुकली ते ठरवते. ब्रेक दाबताना, स्टिअरिंग वळवताना, ॲक्सिलेटर सोडताना जो क्षणभराचा खेळ असतो तिथं त्याचं राज्य.

जीपचा शॉकअप जीपच्या वजनासाठी आणि तिच्या जाड पाट्यांसाठी बनवलेला. हलक्या हेराल्डवर तो लावला तर उंचवट्यावरून चाकच उडते, आणि टायर हवेत गेला की ग्रिप गेली. वरतून रिबाउंड म्हणजे उघडतानाची रोक फार कडक असली तर एकामागून एक हादरे आले की स्प्रिंगले परत उघडायले वेळच भेटत नाही, गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी बंप रबरवर (चाक फार वर आलं तर अडवणारा रबरी ठोकळा) आदळते. तेव्हा ड्रायव्हरले वाटते शॉकअप अजून नरम आहे, अन् तो अजून कडक करते!

आता मागून उचलते त्याचं. हे शॉकअपचं दुखणंच नाही. हेराल्डच्या मागं स्विंग एक्सल आहे, एक आडवा पाटा आणि दोन्ही बाजूचे अर्धे एक्सल डिफरन्शियलपाशी झुलणारे. वळणात मधेच ॲक्सिलेटर सोडला की मागचा भाग वर येते, बाहेरचं चाक खालून आत दुमडते, आणि गाडी एकदम गरकन फिरते. रिबाउंड थोडा वाढवला तर हे वर येणं सावकाश होते, थांबत नाही. हेराल्ड मुळात ज्या ब्रिटिश ट्रायम्फ कंपनीची, तिनं 1962 मध्ये याच हेराल्डच्या चेसिसवरून स्पिटफायर नावाची स्पोर्ट्स कार काढली, तिलेही हीच खोड होती, शेवटी तिच्या मार्क फोर मॉडेलले मधोमध फिरता येईल असा पाटा दिला तेव्हा कुठं सुधारणा झाली. तुमच्या गाडीले तसा फिरता पाटा मिळाला तर पाहा, नाहीतर मागची हाइट थोडी कमी करून चाकाले निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग थोडा आत झुकलेला) द्या. पण नियमात बसते का ते आधी आयोजकाले विचारा, कारण जुन्या गाड्यांच्या रेसमध्ये त्या काळात जे होतं तेच चालते असा नियम बहुतेक ठिकाणी असते. आणि वळणात ॲक्सिलेटर झटक्यात सोडायची सवय मोडा, याले पैसे लागत नाही.

पैसा कुठं आधी टाकायचा? टायर, मग बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातले रबरी तुकडे). पन्नास वर्षं जुने रबर बुश कडक होऊन तडकले असतील, ते तसेच ठेवून महागडा शॉकअप लावला तर त्याचं काम आधी बुशच्या ढिलाईत जाते. मग स्प्रिंग आणि पाटे बसले का ते पाहा. मग शॉकअप. सध्याचा मेला की जिवंत आहे हे बोनट दाबून थोडंफार समजते, पण तेवढ्यात फक्त पूर्ण मेलेला सापडते. खोलून उभा धरा, चारपाच वेळा पूर्ण दाबा-ओढा (आडवा पडून असला तर दुहेरी नळीवाल्यात आत हवा शिरलेली असते, ती आधी काढावी लागते), आणि मग दिशा बदलताना हाताले मधेच मोकळं लागलं तर तो गेला.

नवीन घ्यायचा तर ॲडजस्टेबल घ्या. कोनीसारख्या कंपनीचे जुन्या गाड्यांसाठीचे येतात, त्यातला साधा प्रकार फक्त रिबाउंड बदलते, तोही गाडीवरून काढून पूर्ण दाबून फिरवावा लागते, कटकट आहे पण तेवढा पुरते. बंप (दाबतानाची रोक) आणि रिबाउंड दोन्ही वेगळे बदलणारा महाग असते, आणि सुरुवातीले दोन स्क्रू हाती आले की माणूस जास्त गोंधळते, हे माझं मत. गॅसवाला मोनोट्यूब (एकच नळीवाला) ऑइलचा फेस होऊ देत नाही हे खरं, पण त्याचा दाब गाडी थोडी उचलते. विकत घ्यायच्या आधी तुमच्या गाडीच्या शॉकअपचा पूर्ण दाबलेला आणि पूर्ण उघडलेला माप घ्या, वरचं माउंट आणि खालचा आय (बोल्टची गोल कडी) जुळते का पाहा. गाडी खाली केली असली तर छोटा शॉकअप लागते, नाहीतर पिस्टन आतच ठोकते.

सेटिंग सगळ्यात नरमपासून सुरू करा. शॉकअपच्या रॉडले एक केबल टाय घट्ट लावा, चक्कर मारून आले की तो किती सरकला त्यावरून किती ट्रॅव्हल (शॉकअपची दबायची जागा) वापरला ते दिसते, ही फुकटातली सगळ्यात कामाची युक्ती. एका वेळेस एकच गोष्ट बदला, टायरची हवा लिहून ठेवा, कारण गरम होऊन हवा वाढली की तुमाले वाटते शॉकअपनं काहीतरी केलं. खडबडीत वळणात गाडी बाजूले टुणटुण सरकायला लागली की कडकपणाची हद्द झाली, तिथून थोडं मागं या. आणि हो, विरुळजवळून समृद्धीवर चढून टेस्ट करायचा इरादा असला तर तो आत्ताच सोडा. सार्वजनिक रस्त्यावर रेस लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे, अन् सरळ सपाट काँक्रीटवर शॉकअपची परीक्षा होते तरी काय? त्यापेक्षा ट्रॅकवर सरावाचा दिवस घ्या. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर एकेकाळी हेराल्ड आणि फियाट रेसमध्ये पळायच्या, तुमची पण पळंल.

प्रश्न: आमच्या भाऊजींनी पुण्याहून 1967 ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आणली. पुढं नळीवाला शॉकअपच नाही, एक लोखंडी डबा अन् त्याले हात. मेकॅनिक म्हणते जुनाट आहे, काढून फेका. रेससाठी नळीवाले लावू का? (एक वाचक, दारव्हा)

उत्तर: पुढचे फेकू नका! त्याले लिव्हर आर्म म्हणतात, आणि एमजीबीले तो हातच वरचा विशबोन (चाकाले वरून धरणारा हात) आहे, म्हणजे तो काढला तर चाक कशाले धरून राहील? कंपनीनं 1980 पर्यंत गाडी बनवली तरी हेच ठेवलं होतं. ते रिबिल्ड करून मिळतात, आतला व्हॉल्व्ह बदलून रेससाठी कडकही करता येतात. ऑइल मात्र फार थोडं मावते, त्यामुळं लवकर तापते आणि लांब रेसमध्ये ढिला पडते. भरायचं ते 20 ग्रेडचं फोर्क ऑइल, इंजिन ऑइल नाही, ब्रेक ऑइल तर मुळीच नाही. भरताना हात पूर्ण वरखाली चालवत राहा, बुडबुडे बंद होईपर्यंत. शाफ्टपाशी ओलं दिसलं तर आत बुश झिजला, नुसतं ऑइल टाकत बसण्यात अर्थ नाही. मागं नळीवाल्याचं किट बसते आणि रोडवर बरं वाटते, पण जुन्या स्पेसिफिकेशनच्या क्लासमध्ये तेवढ्यावरून बाहेर काढू शकतात.

प्रश्न: शॉकअप बदलले तर विंटेजचा व्हीए नंबर (जुन्या गाड्यांची वेगळी नोंदणी) भेटते का नाही? (एक वाचक, हिंगणघाट)

उत्तर: 2021 च्या नियमात पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात पाहिजे आणि चेसिस, बॉडीशेल किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार नको असं आहे. नटबोल्टनं लागणारा शॉकअप यात कुठं बसत नाही. पण चेसिसवर वेल्डिंग करून नवीन ब्रॅकेट लावलं की प्रश्न उभा होऊ शकते, म्हणून किट घेताना मूळ भोकांवरच बसणारं घ्या आणि जुने शॉकअप पोत्यात बांधून ठेवा. व्हीए नंबरवर रोजची ये-जा चालत नाही, हेही पाहून घ्या, नाहीतर बाजारले कापूस पाहायले गेले अन् वरतून चालान.