साखर सोडली, भात सोडला, तरी जेवणानंतर 246 का?

ताई, तुम्ही दिलेले आकडे असे: मधुमेही वडील 61 वर्षांचे, उपाशीपोटी साखर 128, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी 246, एचबीएवनसी 8.4. चहातली साखर बंद, भात बंद, दुपारी तीन भाकरी, सकाळी कोपऱ्यावरचे तर्री पोहे (चण्याच्या तिखट रश्शातले). औषध मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड.

8.4 म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साधारण 194. उपाशीपोटी 128 असताना सरासरी एवढी वर जाते, म्हणजे साखर मुख्यतः खाल्ल्यानंतर चढतेय. गोळ्यांचं डॉक्टर पाहतील. ताट मात्र आजच तपासता येईल.

ज्वारीच्या 50 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत जवळपास 35 ग्रॅम कर्बोदकं असतात. शिजलेल्या भाताच्या 150 ग्रॅमच्या वाटीत 40 ग्रॅम. तीन भाकरी म्हणजे शंभरावर गेलात, अडीच वाट्या भात खाल्ल्यासारखंच. ज्वारीत तंतू जास्त, त्यामुळे चढ थोडा सावकाश होतो, पण बेरीज काही कमी होत नाही. आपल्याकडची भाकर मोठी असते, तेव्हा एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर एका भाकरीचं पीठ मोजाच. 80 ग्रॅम निघालं तर हिशेब आणखी बिघडला. ‘भाकर चालते’ एवढंच सांगून रुग्णाला घरी पाठवणं मला मुळीच पटत नाही. किती चालते, हेही सांगायला हवं.

दुपारचं ताट असं लावा: 50-60 ग्रॅम पिठाची एक भाकर किंवा एक वाटी भात, दोन्ही नाही. दोन वाट्या मेथी, पालक, दोडकं किंवा वांगं, एक वाटी घट्ट वरण, वाटीभर दही. आलू भाजीत धरू नका, तो भाकरीच्या खात्यात जातो. आधी भाजी-वरण निम्मं संपवायचं, मग भाकर. याच क्रमाने जेवलं तर नंतरचा चढ कमी येतो. जेवण झाल्यावर आडवं न होता 15 मिनिटं घरातल्या घरात चाललं तरी फरक दिसतो. सावजी रस्सा खाल्ला तर साखर वाढते ती मटणाने कमी आणि सोबतच्या पोळ्या-भाताने जास्त. तेल-मिठाचा त्रास हृदयाला आणि रक्तदाबाला होतो, तो वेगळा.

तर्री पोहे तोडायची गरज नाही, प्रमाण उलटं करा. कोरडे पोहे 30 ग्रॅम (23 ग्रॅम कर्बोदकं), त्यावर वाटीभर शिजवलेले चणे, वरचं तेल काढलेली तर्री, भरपूर सांबार (कोथिंबीर) आणि कांदा. शेव नको. संत्रं फोडी करून एक खाल्लं तर चालतं. ग्लासभर रसात तीन-चार संत्री जातात आणि चोथा बाहेर राहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ग्लिमेपिराइड चालू असताना भाकरी तीनवरून एकदम एकवर आणल्या तर साखर खूप खाली जाऊ शकते. म्हणून आधी डॉक्टरांना फोन करा, मगच ताट बदला. थरथर, घाम, गोंधळ, ग्लुकोमीटरवर 70 पेक्षा कमी: लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा, कमीच असेल तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना.

पहिले चार दिवस जोडीने मोजा: पहिला घास घेण्याआधी आणि त्यानंतर बरोबर दोन तासांनी. ज्या दिवशी भाकर कमी केली त्याच दिवशी नाश्ताही बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. दोन तासांनंतरचा आकडा 180 च्या आत यायला हवा.

वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारं औषध घालून डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (30 च्या आत) आणि रक्तातलं क्रिएटिनिन. पडदा आणि मूत्रपिंड बराच काळ काहीही न दुखता खराब होतात, म्हणून त्रास नाही या कारणावर तपासणी टाळू नका. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-12 सुद्धा पाहा. ते कमी झालं तरी पायांना मुंग्या येतात आणि सगळा दोष साखरेवर जातो.

पायांबद्दल नागपूरकरांनी जास्तच जपायला हवं. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो आणि देवळाच्या आवारातली फरशी तापलेली असते. बधिर पायाला चटका कळत नाही, फोड संध्याकाळी दिसतो. दर्शनाला सकाळी लवकर जायचं, पायात मोजे ठेवायचे. गरम पाण्याचा शेक देताना पाणी आधी कोपराने तपासा. रोज रात्री आरसा धरून तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. जखम, काळसर डाग किंवा सूज दिसली तर हळद लावून वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.