तीन वर्षांचं जीएनएम की चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग?

पत्र : मुलगी दोनदा नीटला बसली, पण एमबीबीएसला नंबर लागेल असे गुण नाहीत. बारावी पहिल्याच प्रयत्नात पास आहे, पीसीबीला (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ५८ टक्के. नर्सिंगची सीईटीही दिली आहे. तिला बी.एस्सी. करायचंय. घरचे म्हणतात, शेवटी नर्सच व्हायचं तर जीएनएम तीन वर्षांत होतं. एक एजंट परराज्यात डायरेक्ट अ‍ॅडमिशन करून देतो म्हणतोय. पुढे एम.एस्सी. होते का? काय करावं? – एक वडील, लातूर जिल्हा

नमस्कार.

मुलीचं ऐका, बी.एस्सी.लाच घाला. जीएनएमलाही (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंदणी होते, वॉर्डात दोघींची ड्यूटी शेजारी-शेजारी लागते, त्यामुळे पहिल्या दिवशी फरक दिसत नाही. तो दोन-तीन वर्षांनी दिसायला लागतो. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीला, म्हणजे नॉरसेटला, बी.एस्सी. झालेली मुलगी नोंदणी होताच बसू शकते. जीएनएमवालीला आधी ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षं काढावी लागतात. जीएनएम हा डिप्लोमा आहे. विद्यापीठाची पदवी हवी असेल तर त्यावर पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची आणखी दोन वर्षं, म्हणजे तीनाची पाच झाली. बी.एस्सी. चारच वर्षांत होते. जीएनएमचा रस्ता कमी दर्जाचा नाही. बारावी आर्ट्स-कॉमर्सची असेल किंवा पीसीबीला बी.एस्सी.ला लागणारे ४५ टक्के पडले नसतील, तर तोच धरावा. तुमच्या मुलीला ती अडचण नाही.

सीईटी दिलीत हे फार बरं केलंत. नीटच्या गुणांवर नर्सिंगही मिळेल असं समजून दरवर्षी कितीतरी मुली सीईटीचा अर्जच भरत नाहीत आणि वर्ष हातचं जातं. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांना प्रवेश सीईटीवर होतो. नीटचे गुण मात्र मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसला, म्हणजे सैन्यदलांच्या परिचारिका सेवेला, कामाला येतात. पुण्याचं एएफएमसी, मुंबईचं आयएनएचएस अश्विनी अशा सैन्याच्या कॉलेजांत चार वर्षांचं बी.एस्सी. होतं. त्यानंतर सैन्यातली नोकरी करण्याचा करार असतो. ही संधी फक्त मुलींना आहे. बारावी पहिल्या प्रयत्नात झालेली लागते आणि तुमच्या मुलीची ती झाली आहे. नीटच्या निकालानंतर त्याची प्रवेशप्रक्रिया सुरू होते, तिच्यावर लक्ष ठेवा.

आता कॉलेज. माझ्या मते बी.एस्सी. की जीएनएम यापेक्षाही हा निर्णय मोठा आहे. इमारत, प्रोजेक्टर, बसगाड्या बघून भुलू नका, दवाखाना बघा. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे कॉलेजचं स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय असावं लागतं आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण हवेत. प्रॉस्पेक्टसमध्ये खाटा दिसतात, रुग्ण दिसत नाहीत. म्हणून कामाच्या दिवशी सकाळी दहाला मुलीला घेऊन त्या रुग्णालयात जा आणि मेडिसिन वॉर्डाच्या दाराशी पंधरा मिनिटं उभे राहा. एका खाटेभोवती आठ-दहा मुली वही घेऊन नुसत्या उभ्या असतील, तर तिथे सलाइन लावणं, कॅथेटर घालणं पुतळ्यावरच शिकून मुली बाहेर पडतात. दोन-तीन मुली, हातात ट्रे आणि शेजारी ट्यूटर असं दिसलं तर ते कॉलेज यादीत वर घ्या. महिन्याला बाळंतपणं किती होतात, तेही विचारा. लेबर रूम ओस असेल तर प्रसूतीशास्त्राच्या नोंदवहीतल्या केसेस पुऱ्या होत नाहीत आणि ऐन वेळी मुलींना दुसऱ्या गावी पाठवलं जातं. मानसोपचाराचं पोस्टिंग बऱ्याचदा येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात लागतं. तिथलं राहणं-जेवण फीमध्ये धरलंय का, हे प्रवेशाआधीच लेखी घ्या. तिसऱ्या वर्षाला हा खर्च अचानक पुढे आला की घरं अडचणीत येतात.

फीचं गणित एजंटच्या बोलण्याशी जोडून बघा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोटा, अभिमत विद्यापीठ किंवा परराज्य म्हटलं की ही सवलत गेली. एससी-एसटीच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत, त्या महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर बघा. परराज्यातही चांगली कॉलेजं आहेत, त्याबद्दल शंका नाही. पण कॉलेजचं नाव भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का हे स्वतः तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. नाव नसेल तर परत येऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करताना अडतं. हे पाप एजंटच्या पदरात पडत नाही, मुलीच्या पडतं. मूळ गुणपत्रिका तर त्याच्या हातात अजिबात देऊ नका.

केंद्रीभूत प्रक्रियेत कॉलेजांचे पर्याय भरताना तीन-चारच कॉलेजं टाकून थांबू नका. सरकारी आधी, मग वर सांगितल्याप्रमाणे पारखलेली खासगी, अशी लांब यादी द्या. जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर लागू असेल तर आत्ताच हातात असू द्या. हिपॅटायटिस बी च्या लसीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात, पहिला याच आठवड्यात द्या.

अभ्यासक्रम आठ सेमिस्टरचा आहे. मुली अडखळतात त्या पहिल्याच सेमिस्टरला, अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीत. नीटची बायोलॉजी इथे तिच्या उपयोगी पडेल, ती दोन वर्षं वाया गेली असं तिला कुणी म्हणू देऊ नका. हजेरीचा नियम मात्र कडक आहे. परीक्षेला बसायला ८० टक्के पुरते, पण पदवी हातात पडण्याआधी क्लिनिकलचे, म्हणजे रुग्णालयातल्या कामाचे, तास शंभर टक्के भरावे लागतात. काविळीने महिनाभर घरी राहिली तर ते तास सुट्टीत भरून काढावे लागतील. शेवटच्या सेमिस्टरला २२ आठवड्यांची इंटर्नशिप असते, आठवड्याला ४८ तास.

एम.एस्सी. होते, दोन वर्षांची. बी.एस्सी.ला ५५ टक्के आणि त्यानंतर एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. मेडिकल-सर्जिकल, बालरोग, स्त्रीरोग व प्रसूती, सामुदायिक आरोग्य आणि मानसिक आरोग्य, यांतला एक विषय घ्यायचा. तिला शिकवण्यात रस नसेल आणि आयसीयूत राहायचं असेल, तर नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम बघावा. त्यात दोन्ही वर्षं रुग्णापाशीच जातात. अनुभवाचं ते वर्ष मोठ्या रुग्णालयात, वेगवेगळ्या वॉर्डांत काढू द्या. विषय कुठला घ्यायचा हे तिचं तिला तिथेच कळेल.

एक गोष्ट आजच तिच्याशी बोला. बी.एस्सी. नर्सिंगमधून एमबीबीएसला जायची वाट नाही. त्या आशेने जाणार असेल तर पहिल्याच वर्षी मन उडेल. जिल्हा रुग्णालयात कुणी ओळखीचं दाखल असेल तर एक रात्र तिला सोबतीला राहू द्या. रात्रपाळीची सिस्टर पहाटे चारला काय-काय करत असते ते तिला जवळून बघू द्या आणि मगच पर्यायांचा अर्ज भरा.