कोल्हापुरात आईला घेऊन सिनेमाला जायचंय. आत्महत्या, रक्तपात असले प्रसंग आहेत का, हे आधी कसं कळेल?

नुसत्या सेन्सॉर प्रमाणपत्रावरून कळणार नाही. तिकीट काढण्याआधी आयएमडीबी या सिनेमांची माहिती देणाऱ्या साइटवर त्या सिनेमाचं ‘पेरेंट्स गाइड’ उघडा. हिंसा, नग्नता, शिवीगाळ, व्यसनं आणि भीतिदायक प्रसंग अशा पाच भागांत प्रेक्षकांनीच तिथे प्रसंग नोंदवलेले असतात. कथा फोडणाऱ्या नोंदी वेगळ्या असतात, त्या हवं तर टाळा. ‘डझ द डॉग डाय’ या साइटवर तर आत्महत्या, प्राण्याचा मृत्यू असे एकेक प्रश्न आणि त्यावर हो-नाहीची मतं सापडतात. प्रमाणपत्रावरचं यूए 7+, 13+ किंवा 16+ फक्त वय सांगतं. ‘प्राण्यांना इजा केलेली नाही’ ही पाटीही चित्रीकरणापुरती. पडद्यावर कुत्रं मरायचं ते मरतंच.

अडचण मराठी सिनेमांची. त्यांची पानं बहुतेकदा रिकामी, म्हणून पहिला शुक्रवार सोडा आणि बघून आलेल्याला थेट विचारा, “गळफास दाखवलाय का? किती वेळ?” नुसतं “कसा आहे?” विचारलंत तर “लई भारी” एवढंच उत्तर मिळेल. तरी शंका उरली तर रांगेच्या कडेची खुर्ची घ्या, म्हणजे मधेच उठून बाहेर जाता येतं.