चिआंग माई : कधी जावं, काय पाहावं?

प्रश्न : चिआंग माईसाठी दोन पूर्ण दिवस आहेत. देवळं शेकड्यांनी आहेत म्हणे. कोणती निवडावीत?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुक्काम जुन्या शहराभोवतीच्या खंदकाच्या आत ठेवा आणि पायीच फिरा. राजा मंगराय याने १२९६ मध्ये वसवलेलं हे उत्तर थायलंडमधल्या लान्ना राज्याचं राजधानीचं शहर जवळपास चौरस आहे. एकेक बाजू साधारण दीड किलोमीटरची, त्यामुळे एका सकाळी तीन देवळं निवांत पाहून होतात. चौथं मात्र घालू नका. तोवर डोळे थकतात आणि सगळा सोनेरी मुलामा सारखाच वाटू लागतो.

आधी तीन शब्द समजून घ्या, म्हणजे प्रत्येक आवार आपोआप उलगडतं. ‘चेदी’ म्हणजे आपला चैत्य, अवशेषांवर बांधलेला स्तूप. ‘विहान’ म्हणजे विहार, पण तिथे तो भिक्षूंचा निवास नसून लोकांनी बसून वंदना करण्याचं सभागृह असतं. ‘उबोसोत’ हा उपोसथाचा थाई उच्चार. भिक्षूंची दीक्षा आणि त्यांचे विधी तिथे होतात. कार्ल्याला स्तूप सभागृहाच्या पोटात आहे. इथे तो विहानच्या मागे, उघड्यावर उभा असतो. म्हणून विहान पाहून तिथूनच परतू नका, वळसा घालून मागे जा.

सुरुवात ईशान्य भागातल्या वाट चिआंग मानपासून करा (‘वाट’ म्हणजे थाईत देऊळ). हे शहरातलं सर्वांत जुनं देऊळ, आणि इथल्या चेदीचा पाया १५ हत्तींनी पाठीवर तोललेला आहे. तिथून वाट चेदी लुआंग. या एका जागेला किमान तासभर द्या. १५४५ च्या भूकंपात या प्रचंड विटांच्या चेदीचं शिखर कोसळलं. उरलेला भाग सुमारे ६० मीटर उंच आहे. आज बँकॉकला असलेली, पाचूची म्हणवली जाणारी बुद्धमूर्ती १४६८ पासून काही दशकं याच चेदीत होती; पूर्वेच्या कोनाड्यात आता तिची प्रतिकृती आहे. दक्षिण बाजूच्या हत्तींकडे नीट पाहा. बहुतेक हत्ती दुरुस्तीत सिमेंटने घडवले आहेत. अगदी उजवीकडचा, कान आणि सोंड गेलेला, तो मुळचा विटा-गिलाव्याचा. दुरुस्ती किती करावी आणि कुठे थांबावं, हा प्रश्न तिथे एका ओळीत उभा आहे.

शेवटी वाट फ्रा सिंग. मोठ्या विहानमध्ये गर्दी असते, पण खरी दौलत मागच्या लहानशा विहान लाय खाममध्ये आहे. तिथल्या भित्तिचित्रांत जुन्या लान्नाचे कपडे, केशरचना आणि रोजचे व्यवहार दिसतात. उजेड कमी असतो. आत गेल्यावर डोळे सरावेपर्यंत दोन-तीन मिनिटं नुसतं बसा. बसताना पाय मागे दुमडून घ्या, तळवे मूर्तीकडे नकोत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

महिलांसाठी एक सूचना : चेदी लुआंगच्या आवारातल्या नगरस्तंभाच्या मंदिरात आणि वुआ लाय रस्त्याजवळच्या वाट श्री सुफानच्या चांदीच्या उबोसोतात स्त्रियांना प्रवेश नाही. श्री सुफानला भिंतींवरचं ठोककाम बाहेरूनही जवळून पाहता येतं.

प्रश्न : आईवडील सत्तरीचे आहेत, दोघांचेही गुडघे दुखतात. डोई सुथेप जमेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : डोंगरावरचं हे देऊळ जमेल. नागाच्या कठड्याच्या तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत, पण बाजूला तिकीट काढून वर नेणारी लिफ्ट आहे. त्रास होतो तो घाटाच्या वळणांचा. लाल साँगथेव म्हणजे मागे समोरासमोर दोन बाकं टाकलेली गाडी. तिच्यात आडवं बसून वर जाताना मळमळतं. ज्येष्ठांना टॅक्सीत पुढच्या सीटवर बसवा आणि निघताना हलकंच खाऊ द्या. वरच्या अंगणात चपला काढाव्या लागतात आणि दुपारी फरशी तापते, म्हणून सकाळी जा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत, कांदा-लसूणही खात नाही. खाण्याचं काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ‘जे’ हा शब्द पाठ करा. या पद्धतीच्या जेवणात मांस, मासे, अंडी नसतात आणि कांदा-लसूणही वर्ज्य असतो. दुकानावर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असतात. ती इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखी दिसतात. इतर ठिकाणी ‘चिकन काढून द्या’ एवढं सांगून भागत नाही. खाओ सोय या इथल्या प्रसिद्ध नारळाच्या दुधातल्या नूडल्सचा रस्साच मांसाचा असतो, शिवाय त्यात ‘नाम प्ला’ म्हणजे माशाचं पाणी पडतं. पपईच्या सोम तममध्ये सुकी कोळंबीही घालतात. खाओ सोय चाखायचीच असेल तर ‘जे’च्या दुकानात मागा.

प्रश्न : मुलांच्या सुट्टीमुळे एप्रिलचा विचार आहे. दिवाळीनंतर गेलं तर आकाशकंदील दिसतील का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : एप्रिलचा पहिला पंधरवडा टाळाच. फेब्रुवारीपासून शेतातली धसकटं आणि जंगल जळत असतं. शहर डोंगरांच्या खोलगट भागात असल्याने धूर तिथेच कोंडतो. काही दिवशी शहरातून डोई सुथेपसुद्धा दिसत नाही. दमा असलेल्यांनी तर हा काळ अजिबात निवडू नये. १३ ते १५ एप्रिलला साँगक्रान, म्हणजे त्यांची संक्रांत, असते. तेव्हा खंदकाभोवती दिवसभर पाणी उडतं; फोन आणि पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावे लागतात.

दिवाळीची सुट्टी उत्तम. यी पेंग हा आकाशकंदिलांचा आणि लॉय क्राथाँग हा पाण्यात दिवे सोडण्याचा सण बहुधा आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास येतात. तारीख एखादा दिवस मागेपुढे होऊ शकते, तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी तपासा. हजारो कंदील एकदम सोडण्याचे कार्यक्रम शहराबाहेर, महागड्या तिकिटांवर होतात. त्या रात्रींची काही विमानं रद्द होतात किंवा वेळ बदलतात, म्हणून परतीचं तिकीट त्या दिवशी नको. आम्ही सुचवू ते पिंग नदीचा काठ. केळीच्या खोडाची चकती, कडेने पानांच्या टोकदार घड्या टाचलेल्या, मध्ये फुलं, उदबत्त्या आणि मेणबत्ती, असा क्राथाँग काठावरच विकत मिळतो. थर्मोकोलचा घेऊ नका. दोन्ही हातांनी पाण्यावर अलगद टेकवा; वरून टाकलात तर मेणबत्ती विझते.