निळं-पिवळं पाणी हिरवं का होईना?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला, बेळगावात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी केसाएवढी बारीक नळी कोरलेली चिप मिळाली. एका तोंडातून निळं आणि दुसऱ्यातून पिवळं पाणी सोडलं, तर शेवटपर्यंत दोन रेघा शेजारीशेजारीच! सिरिंज जोरात दाबली, चिप हलवली, उपयोग नाही. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुझं काहीच चुकलेलं नाही. पावसाळ्यात ओढ्याचं तांबडं पाणी मलप्रभेत शिरतं तेव्हा भोवरे उठतात आणि बघता बघता नदीचा एकच रंग होतो. तुझ्या नळीत भोवरा उठतच नाही. रुंदी १०० मायक्रोमीटर आणि वेग सेकंदाला १० सेंटिमीटर धर, रेनॉल्ड्स अंक (पाण्याचा रेटा त्याच्या चिकटपणाच्या किती पट, ते सांगणारा आकडा) येतो जेमतेम १०. साध्या पाइपात खळबळ माजायला तो २००० च्या पुढं लागतो.

मग उरतं रेणूंचं आपापलं पसरणं. साध्या रंगाला १०० मायक्रोमीटर पसरायला दहाएक सेकंद लागतात. तेवढ्यात तुझं पाणी मीटरभर जाईल आणि चिप तर बोटभर! म्हणून जोर लावलास की मिसळणं उलट कमी होतं. रक्तातल्या अल्ब्युमिन या मोठ्या प्रथिनाला तर तेवढंच अंतर कापायला मिनिटाहून जास्त लागतं. तपासणीच्या चिपा बनवणाऱ्यांची खरी अडचण हीच.

हलवून का होत नाही, ते घरी बघ. मी टिळकवाडीत आमच्या ओट्यावर केलंय. काचेच्या बरणीत मधोमध पेला धरायचा, मधल्या फटीत ग्लिसरीन (ते इतकं दाट की तुझ्या नळीसारखाच भोवरा उठत नाही), त्यात रंगवलेल्या ग्लिसरीनचा थेंब. पेला सावकाश तीनदा फिरवला, थेंब पुसट पट्टा होऊन गेला. तितकाच उलटा फिरवला आणि थेंब पुन्हा जागेवर! चिप पुढं-मागं हलवलीस की असंच होतं, केलेलं सगळं उलटतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

उपाय चिरोट्यात आहे. लाटायचं, घडी घालायची, पुन्हा लाटायचं. दहा घड्यांत १०२४ पदर. पदराची जाडी दहापट कमी झाली की पसरायचा वेळ शंभरपट घटतो. २००२ साली हार्वर्डच्या संशोधकांनी नळीच्या तळाला माशाच्या काट्यासारख्या तिरक्या खाचा कोरून हेच साधलं. खाचेची एक बाजू आखूड, एक लांब. थोड्या थोड्या अंतरानं बाजू बदलते आणि पाणी वाहता वाहताच ताणलं जाऊन घडी पडते.

खाचा कोरण्याआधी मात्र सिरिंज अगदी हळू दाब आणि दोन रेघांमधली हिरवी कड मायक्रोस्कोपखाली मोज, १ सेंटिमीटरवर आणि २ सेंटिमीटरवर. आकडे मला कळव.