जुन्या टँकमध्ये नवे रॅस

प्रश्न : 400 लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, प्रवाळ असलेला मत्स्यटँक) दोन वर्षं चालू आहे. त्यात दोन क्लाउनफिश आणि एक सिक्सलाइन रॅस आहे (रॅस ही समुद्री माशांची एक जात). आता एक फेअरी रॅस आणि एक यलो कोरिस (हाही रॅसच) आणायचा विचार आहे. सिक्सलाइन त्रास देईल का? दोन्ही एकदम सोडू की एकेक?

उत्तर : देईल. सिक्सलाइन जेमतेम बोटाएवढा, पण दोन वर्षं एकट्याने राहिला की खडकातली प्रत्येक फट त्याला आपलीच वाटते. खरं तर तो सगळ्यांत शेवटी यायला हवा होता. आता दोन्ही नवे मासे एकाच दिवशी सोडा, म्हणजे त्याचा राग वाटला जाईल.

त्याआधी दोघांना पारदर्शक, भोकं पाडलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत ठेवून ती टँकच्या आतच काचेला टांगा. एक पेटी दोघांना पुरेल एवढी नसेल तर मध्ये जाळीचा पडदा लावा. कोरिस रात्री वाळूत शिरून झोपतो, त्याच्या बाजूला वाटीभर बारीक वाळू हवीच. सुरुवातीला सिक्सलाइन पर ताठ करून पेटीभोवती घिरट्या घालेल, भिंतीवर तोंड आपटेल. त्याने घाबरू नका. खाणं पेटीत आणि पेटीबाहेर एकाच वेळी टाका. पेटीकडे न बघता तो मिसिसच्या (कोळंबीसारखे बारीक जीव, माशांचं खाणं) मागे सरळ निघून गेला, की सोडायची वेळ झाली. याला साधारण तीन ते सात दिवस लागतात.

आठवड्यानंतरही तो पेटीला चिकटून असेल तर जागा बदला : नवे बाहेर, सिक्सलाइन पेटीत, आणखी एक आठवडा. त्यानंतरही त्याने नव्याची शेपटी फाडली, किंवा नवा मासा कोपऱ्यात वर चिकटून खाणं सोडून बसला, तर सिक्सलाइनला दुसरं घर शोधा. हळूहळू जमेल म्हणून थांबण्यात नवा मासा जातो.

झाकणाचं काम मासे आणण्याआधी उरका. पाठलाग झाला किंवा दिवा अचानक बंद झाला की फेअरी रॅस सरळ वर उडी मारतो. 6 मिमीची जाळी चालेल, पण वायरी आणि पाइप आत जातात ती फट बहुतेकांकडून राहते आणि मासा नेमका तिथूनच बाहेर पडतो. ओव्हरफ्लोच्या पेटीवरही (टँकचं वरचं पाणी जिच्यातून बाहेर जातं ती) जाळी हवी.

क्वारंटाइनमध्ये (नवे मासे आधी वेगळे ठेवतात तिथे) तांब्याचं औषध देणार असाल तर कोरिसच्या डब्यात सिलिका वाळू घाला. कोरल वाळू तांबं शोषून घेते आणि पाण्यातली मात्रा टिकत नाही.

प्रश्न : यलो कोरिस सोडल्या सोडल्या वाळूत गेला, चार दिवस दिसलेला नाही. उकरून बघू का?

उत्तर : अजिबात नको. प्रवासात त्याचं दिवस-रात्रीचं घड्याळ बिघडतं; तुमचे दिवे लागतात तेव्हा त्याची रात्र असू शकते. आठ-दहा दिवस वाट बघा, आणि दिवे लागायच्या आधी पहाटे एकदा डोकावून बघा. तेवढे दिवस त्या भागातली वाळू सायफनने साफ करू नका. थर निदान 5 सेंटिमीटर आणि दाणा बारीक हवा. जाड, टोकदार कोरलच्या चुऱ्याने अंग खरचटतं आणि जखम चिघळते. बाहेर आला की लगेच थोडं मिसिस टाका. इतके दिवस उपाशी असलेल्या माशाला पुढचे काही दिवस दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्या.